रात्याचं बी सुनेच्या नावे

मी, श्रीमती गोदाबाई मोरू घारे, राहणार दहिवली, तालुका कर्जत, माझे हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही; त्याचा दाखला कोणी देत नाही.

१. राहते घर मुलगा सुनील यास. साजगावच्या कारखान्यातून दमून येणाऱ्याला स्वतःचे छप्पर हवे. भिंतींना हवा तो रंग द्यावा, मी बघायला नसेन.

२. दीर आबाजी यांस काही नाही. आमच्या बांधाला लागून असलेले शेत त्यांनी बियाण्याच्या कंपनीला दिले, तेव्हा आम्हाला विचारले नाही. आता मीही विचारत नाही.

३. नदीकडचे शेत, माझ्या एकटीच्या नावावरचे, सून भाग्यश्री हिला. सुनीलला राग येईल. त्याने आधी कारण वाचावे.

कंपनीच्या त्या मोठ्या शेतात जनुक बदललेल्या भाताची चाचणी चालते. त्याला खोडकिडा लागत नाही. खोटे कशाला बोलू, आमच्या लोंब्या पोकळ निघाल्या तेव्हा त्यांचे भात भरले होते. पण आपल्याकडे लावणी उरकली की उरलेले रोप कोणी फेकत नाही. बांधावर ठेवतात, ज्याचे कमी पडले त्याने उचलावे. गेल्या वर्षी कंपनीकडे मजुरीला गेलेल्या वाडीवरच्या कोंडीने सवयीने जुड्या बांधावर ठेवल्या. सुनीलने सवयीने उचलल्या आणि माझ्या या शेतातल्या रात्याचा, आमच्या जुन्या तांबड्या भाताचा, कोपरा भरून काढला. मला म्हणाला, "आये, फुकटचं रोप हाय, वाया कशाला घालवायचं?" झोडणी एकाच खळ्यावर झाली. उखळात सडल्यावर तांबड्या तांदळात पांढरे दाणे दिसले. सासूबाईंनी हाती दिलेले बी ते.

कंपनीचा साहेब येऊन म्हणाला, "हे बी पेरू नका, त्यात आमचं आहे." मी म्हटले, "मग तुमचं तेवढं निवडून न्या." तो गाडीत जाऊन बसला.

दुसरे बी नव्हते, म्हणून यंदा तेच पेरले. कापणीआधी भाग्यश्री शेतात उतरली. लोंबीगणिक एक दाणा सोलायचा, तांबडा असला तरच ती लोंबी बियाला. मी म्हटले, "वरून तांबडा हाय गं, पण आत काय शिरलंय ते कसं कळायचं?"

"नाय कळायचं, आये. म्हणून काय सोडून द्यायचं?"

या उत्तरासाठी शेत तिचे.

४. कणगीतले बीही तिचेच. शेत कंपनीला खंडाने देण्यासाठी सुनीलने तिच्या मागे लागू नये. बाळा, तुझ्यावर माझा राग नाही. पण भीती वाटते, ती वाटतेच.

५. माझे विळे व कोयती कोंडीला. तिला कोणी दोष देऊ नये. रोप बांधावर ठेवायची रीत मोडावी की चालू ठेवावी, हे मात्र मला ठरवता येत नाही. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी ओळ कोरी सोडली आहे.

६. दहाव्याला पिंडाचा भात रात्याचाच करावा. कावळा शिवला नाही, तर नातवंडांच्या लग्नाची वचने देत बसू नये. भाग्यश्रीने पुढे होऊन एवढेच म्हणावे, "आये, बी आपलंच हाय."

खात्री नसेल तर म्हणू नये. मला ताटकळू द्यावे.

हे कोणी माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. घरात तेवढी कोणाची छाती नाही.

ठिकाण : दहिवली, ता. कर्जत, जि. रायगड
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

सही : गोदाबाई मोरू घारे

गोदाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली :
१. नवनाथ सदू ठोंबरे, दहिवली
२. अक्षदा किरण बडेकर, कर्जत