विहिरीची जागा

मद्रास, ४ डिसेंबर १९५८

प्रिय प्रमिला,

इथल्या स्टेशनावर सुखरूप उतरलो. इथं जेवणात ताक भरपूर असतं. खोकला थांबला. आईंचे गुडघे कसे आहेत?

ग्रामसेवकांच्या या वर्गात काल मास्तरांनी विचारलं, गावातलं काम ठरवताना बायकांना कोणी विचारलं होतं? मी नव्या विहिरीचं सांगितलं. जागा आम्ही पाच पुरुषांनी आपल्या ओसरीवर ठरवली, एवढं बोलून खाली बसलो.

पावसात गावाची घाण तिकडेच उतरते, असं तू दारातून म्हणाली होतीस. मी हातानंच तुला गप्प केलं, हे मात्र वर्गात सांगवलं नाही.

त्या पाण्यानं आपली लेक कुमुद गेली, तरी तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. आता उत्तरात लिही. मी सगळं वाचेन.

तुझा
वामन