पेन्सिलचं टिंब

आप्पा, हजेरीचं सॉफ्टवेअर शेवटी घेतलं मी. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून "ते आन् काय?" म्हणाला असता. कापसाच्या जिनिंगमधलं तुमचं ते लांबरुंद मस्टर, जे उघडायच्या आधी तुम्ही गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायचात, ते आता पाटीएवढ्या काचेत मावतं. बाईनं दारात उभं राहून काचेत तोंड दाखवायचं, की लागली हजेरी. आज रविवार आहे, शेड बंद आहे, चोवीस मशिनींवर कापडं टाकलेली आहेत. तुम्ही गेलात तेव्हा चारच होत्या. शाळेचे गणवेशच शिवतो आम्ही अजून, पण आता पुण्याच्या एका पार्टीचं मोठं काम मिळतंय आणि त्यांची अट आहे की कागदावरची हजेरी चालणार नाही. महिनाभर मी टाळलं. मग वाटलं, चोवीस बायांचं वर्षभराचं काम आहे, माझ्या एकटीच्या हट्टापायी कशाला घालवायचं? तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून जुन्या मस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुम्हाला लिहायला बसले.

तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. पहिल्यानं अंगठ्याचं मशीन आणलं. आमच्या बायांचे अंगठे कात्रीनं आणि सुईनं इतके घासलेत की मशीन दर वेळी "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायचं. काजं करणारी आमची म्हातारी पाच वेळा अंगठा लावून वैतागली, म्हणाली, "काय बाई, जित्ती हाय का न्हाई मी?" सगळ्या खो-खो हसल्या. दुसऱ्याचं मोबाईलवर होतं, ज्याच्या त्याच्या फोनात. पण निम्म्या जणींच्या घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. म्हणजे बाई शिवायला इथं आणि तिची हजेरी रानात! तिसरा मात्र चेहरा ओळखणारं घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्यानं सगळ्यांचे फोटो काढून घेतले आणि खरंच, डोक्यावर पदर असला तरी ती काच बरोबर ओळखायला लागली. हिरवं म्हणजे हजर, लाल म्हणजे खाडा. मी त्याला विचारलं, "यात पेन्सिल आहे का हो?" तो हसला. म्हणाला, "एडिट करता येतं ना, मॅडम. पण काय बदललं, कोणी बदललं, कधी बदललं, हे सगळं कायमचं राहतं. आणि कारण लिहिल्याशिवाय बदलताच येत नाही."  मी पाणी प्यायला म्हणून उठून गेले.

पेन्सिल का विचारली ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? जिनिंगचा भोंगा आठला व्हायचा. पिंगळी गावच्या बायांना आणणारी पॅसेंजर आठला पाच-दहा मिनिटं कमी असताना स्टेशनात लागायची, तीही तिच्या मर्जीनं. तरण्या बाया उतरल्या की पळत सुटायच्या आणि भोंग्याबरोबर फाटकात यायच्या. ज्या मागे राहायच्या, त्यांच्या रकान्यात तुम्ही शाईनं खाडा मांडायचा नाहीत. पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायचात. बाई आली की टिंब पुसलं जायचं, आणि बाराला सगळं मस्टर शाईनं पक्कं व्हायचं. मालकाला दिसायची ती शाई. टिंब फक्त तुम्हाला आणि त्या बायांना ठाऊक. सलग तीन खाडे पडले की मस्टरवरून नाव कमी, असा जिनिंगचा नियम होता, पण गाडीपायी कुणाचं नाव कमी झालेलं तुमच्या हातून घडलं नव्हतं.

मी बारावीला होते, दिवाळीची सुट्टी होती. तुम्हाला हिवताप भरला. चुलीपुढे गोधडी पांघरून बसला आहात, दात वाजायलेत, आणि जिवाला घोर एकच, उद्या मस्टर कोण मांडणार. आई काढा उकळत होती. ती म्हणाली, "पोरीला धाडा की. अक्षर बघा किती चांगलं हाय तिचं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. मग तापातच किती वेळ मला काय-काय सांगत बसलात. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खुर्चीवर होते. रुई हवेत उडायची, नाकातोंडात जायची, आणि मला वाटत होतं, अख्खं जिनिंग माझ्याकडे बघायलंय.

त्या बायांत एक पोटुशी होती. सातवा महिना असेल. बाकीच्या पळायच्या, तिला पळता येत नव्हतं. भोंगा झाला तेव्हा मॅनेजर माझ्या मागे येऊन उभा होता. "झाला भोंगा. मांडून टाक," म्हणाला. मी तिच्या रकान्यात शाईनं खाडा मांडला, एकदम रेखीव. तो वाकून बघत म्हणाला, "शाब्बास! बापापेक्षा पोरीचं काम स्वच्छ." माझ्या कानांत ते शब्द दिवसभर वाजत राहिले. वीस मिनिटांनी ती आली, कमरेवर हात ठेवून, दम खात. "आज बापाच्या जागी लेक व्हय? लय बरं झालं," म्हणाली आणि आत जाऊन कापसातली पत्ती निवडायला बसली. दिवसभर तिनं काम केलं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. तिला वाटत होतं, नेहमीसारखं टिंब आहे.

चौथ्या दिवशी तुम्ही मफलर गुंडाळून स्वतः आलात. ती बाई फाटकाबाहेर उभी होती, गुरखा आत सोडेना. तुम्ही मस्टर उघडलंत, त्या तीन निळ्या खाड्यांवर बोट ठेवलंत आणि मला विचारलंत, "टिंब का न्हाई दिलंस?" मी म्हणाले, "कसलं टिंब? तुम्ही मला काही सांगितलंच नव्हतं." तुम्ही कपाळाला हात लावून आठवायला लागलात. मला ते बघवेना, तरी मी बघत राहिले. मग तुम्ही म्हणालात, "तापात ऱ्हाऊन गेलं असंल. चूक माझी हाय, बाळा. तुझी न्हाई." आणि मॅनेजरकडे गेलात. तिचं नाव परत चढवायचं तर टिंबाची गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती तुम्ही सांगितलीत. दाराबाहेर मला मॅनेजरचा आवाज ऐकू येत होता, "म्हणजे इतकी वर्षं तुमी मालकाच्या मस्टरशी खेळ करायलात व्हय?" तिचं नाव चढलं नाही. वर तुमचं टेबल गेलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सरकीच्या गोदामात पोती मोजायला. तिथल्या धुळीनं जो खोकला लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही सायकल काढून पिंगळीला गेला होतात. संध्याकाळी आलात, पाय धुतलेत आणि आईला एवढंच म्हणालात, "घराला कुलूप हाय. पोट भरायला गेलेत म्हणं कुठंतरी." आईनं पदर तोंडाला लावला. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं. मला तुम्ही कधी रागावला नाहीत, तेच जड गेलं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तेव्हाच बोलून मोकळी झाले असते.

शेडमध्ये पहिल्या चार मशिनी आल्या त्या दिवशी तुम्ही मला काय आणलंत आठवतं? एक कोरं मस्टर, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. गाठ तुमच्या हातची, तीनपेडी. "बाराच्या आत शाई लावू नकोस," म्हणालात. मी आतल्या खोलीत जाऊन ओक्साबोक्शी रडले. तुम्हाला वाटलं, पोरीला आनंद झाला. तेव्हापासून मी एक दिवस चुकवला नाही, आप्पा. मस्टरं बदलली, पेन्सिली बदलल्या, दोरा तोच ठेवला. माझ्या बाया मला हसतात, म्हणतात, मॅडमला शाईचं भ्या वाटतं.

आणि मग ही काच आली. महिनाभर वापरून बघा, म्हणून तो माणूस लावून गेला. जाताना त्यानं विचारलं, "उशीर किती मिनिटं चालेल?" मी म्हणाले, दहा. "त्यानंतर?" मी मस्टरकडे बघितलं. तो म्हणाला, "खाडा ठेवू या, मॅडम. रिपोर्ट एकदम स्वच्छ दिसतो, पार्टी खूश होईल." स्वच्छ! तोच शब्द. आणि मी ठेवा म्हणाले. मनात होतं, बाराला बघू, बाराला सुधारू. इतक्या वर्षांची सवय, आप्पा. मला वाटलं, बारा वाजेपर्यंत काहीच पक्कं होत नसतं. त्या काचेला कुठलं बारा कळायला? ऑर्डरची घाई होती, तीन दिवस मी बघितलंच नाही.

आमची एक कॉलर लावणारी आहे, पिंगळीहूनच येते. सध्या पॅसेंजर सिग्नलला थांबायली, त्यामुळे तिला रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर. चौथ्या दिवशी तिची मशीन रिकामी. मला वाटलं, ताप असेल. दुपारी काच उघडून बघितली तर तिच्या नावापुढे तीन लाल खाडे, आणि त्या मशीननं आपणहून तिला मेसेज धाडलेला: आपण सलग तीन दिवस गैरहजर आहात.  तशीच स्कूटी काढली आणि पिंगळी गाठली.

ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पुसले, बाज टाकली. भांडली असती तर बरं झालं असतं. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, मी तर तुमच्या म्होरंच बसले होते की वो, तीनबी दिवस."  मी म्हणाले, मशीनची चूक आहे. ती म्हणाली, "मशीनला काय कळतंय? मला वाटलं, तुमीच सांगितलं असंल." खरंच होतं ते, मीच सांगितलं होतं. मी तिचा हात धरला आणि ये म्हणाले. ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली होती. तिला मी त्या दुसऱ्या बाईचं नाव घेऊन विचारणार होते, जिनिंगमध्ये यायची, पोटुशी होती, पुढं काय झालं म्हणून. ओठांवर आलेलं नाव गिळलं मी. मूल झालं असेल तर आता तिशी ओलांडून गेलेलं असेल, एवढाच हिशेब डोक्यात फिरत होता.

परत येऊन सगळं बदललं. आता कुणी कधीही येऊन तोंड दाखवलं तरी खाडा लागत नाही, आपणहून मेसेज जात नाही, आणि बाराला मी स्वतः बसून दिवस पक्का करते. तो माणूस म्हणाला, "अशानं रिपोर्ट जरा विस्कटलेला दिसेल." दिसू दे, म्हणाले. ते तीन लाल खाडे मी हिरवे केले. कारण लिहायची चौकट आली. आधी लिहिलं, पॅसेंजर. मग खोडलं आणि लिहिलं, चूक माझी. खाली माझं नाव आणि वेळ आपोआप उमटली. आता ते कुणाला पुसता येणार नाही.

कॉलरवाली आली परत. पण आता ती पहाटेच्या गाडीनं येते आणि सात-सव्वासातपासून बंद शटरपुढच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसून राहते. मी दहादा सांगितलं, अगं, गरज नाही, तुझ्या गाडीनं ये. "ऱ्हाऊ द्या, मॅडम," म्हणते. किल्ली घेऊन मी येते, तेव्हा ती उठून बाजूला सरकते, मला वाट देते. रोज सकाळी मला तेवढं बघावं लागतं.

हे मस्टर मी परत कपाटात ठेवणार आहे, तुमच्या पेन्सिलीच्या दोऱ्यासकट. तुम्ही शेवटच्या आजारपणातसुद्धा आईला म्हणायचात, त्या बाईचं माझ्या हातून वाईट झालं, तापात पोरीला सांगायचं राहून गेलं. राहून नव्हतं गेलं, आप्पा. चुलीपुढे तुम्ही मला टिंब कसं द्यायचं ते दोनदा सांगितलंत, माझ्याकडून म्हणून घेतलंत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. पहिल्या दिवशी मॅनेजर मागे उभा होता, म्हणून मी ती ठेवून पेन उचललं, असं म्हणता येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मागे कुणीच नव्हतं. तो परत येईल आणि शाब्बास म्हणेल, म्हणून मी वाट बघत होते.