चाळिसाव्या खंडाच्या ताब्याबाबत

मी, एसेनकुल सादिरोव, वय अठ्ठ्याहत्तर, ट्रॉलीबस डेपोतून निवृत्त झालेला मिस्त्री, राहणार बिश्केक, तिसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, कारण दबाव आणण्याइतकी सवड आमच्या घरात कोणालाच नसते.

कलम १. राहता फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी नुरजात हिला मिळावा. अट एकच: बैठकीतले भिंतभर पुस्तकांचे कपाट हलवायचे नाही. त्या जागी मोठा टीव्ही लावायचा, म्हणून जावईबापू गेली चार वर्षे मी डुलकी घेत असताना टेपने मापे घेत असतात. मी तेव्हा जागा असतो.

कलम २. माझी हत्यारे जावयाला द्यावीत. त्याला तेराचा पाना आणि चौदाचा पाना यांतला फरक कळत नाही, म्हणून ती त्याने वापरू नयेत. दर महिन्याला तेल लावून पुन्हा पेटीत ठेवावीत.

कलम ३. बचत माझ्या दफनाला आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला खर्च करावी. उरेल ती नुरजातची. जेवणासाठी घोडा एकच कापावा. समोरच्या इमारतीत दोन कापले होते, हे मला माहीत आहे. त्या गृहस्थाला जिवंतपणी कोणी चहालाही विचारत नव्हते.

कलम ४. आता पुस्तकांबद्दल. हे कलम सर्वांनी नीट वाचावे, जावयाने दोनदा.

‘तपासनीस ग्रोमादिन’ ही चाळीस खंडांची कादंबरीमाला. प्रत्येक खंडात खून वेगळा, पण एक प्रश्न पहिल्या खंडापासून चालत आलेला: ग्रोमादिनच्या बायकोला विष कोणी घातले? उत्तर चाळिसाव्या खंडात मिळेल, असे प्रत्येक खंडाच्या मागे छापलेले आहे. १९७८ साली मी आणि माझा धाकटा भाऊ बेयशेन वडिलांच्या घरी एकत्र राहत होतो आणि एका पत्त्यावर एकच वर्गणी मिळत होती. ती बेयशेनच्या नावे घेतली. पुढे दोघांना याच इमारतीत फ्लॅट मिळाले, मला तिसऱ्या मजल्यावर, त्याला पहिल्या. तेव्हा वाटणी केली: विषम खंड माझे, सम त्याचे. वाचायला अदलाबदल करायची आणि वाचून झाले की ज्याचे त्याला परत.

मी माझे खंड क्रमाने लावले आणि एक व तीनच्या मध्ये दोनची जागा मोकळी सोडली, तीन व पाचच्या मध्ये चारची. क्रम म्हणजे क्रम. माझी बायको बुरमाकान म्हणायची, “कपाट आहे की दात पडलेलं तोंड?” मग तिने त्या फटींमध्ये औषधांच्या पट्ट्या, बटणांचे डबे आणि विजेची बिले खोचायला सुरुवात केली. अकरा आणि तेराच्या मध्ये तिच्या चष्म्याचे घर आहे. ती जाऊन सहा वर्षे झाली. ते कोणी काढू नये.

खाली काय झाले? प्रकाशकांचे हिरवे कापड संपले तेव्हा पुढचे खंड तपकिरी निघाले, नंतर लाल. बेयशेनची बायको सायराकान हिने ते रंगाने लावले! अठरानंतर सहा, सहानंतर चाळिसाव्याची राखून ठेवलेली मोकळी जागा. १९९१ च्या शरदात, त्यांच्याकडे पाहुणे जमलेले असताना मी म्हणालो, “वहिनी, ही पुस्तकं आहेत, मंडईतल्या मिरच्या नव्हेत.”

सायराकान उठून स्वयंपाकघरात गेली. बेयशेन म्हणाला, “बाइके, मोठे भाऊ आहात म्हणून ऐकून घेतलं. पण चाळिसावा आला की तो तुमच्या हाती लागणार नाही.”

त्याने शब्द पाळला. एकोणचाळिसावा त्याच वर्षी वसंतात आला होता आणि त्याच्या शेवटच्या पानावरचा ग्रोमादिन तेव्हापासून माझ्यासाठी एका बंद दारासमोर बोट उचलून उभा आहे. दर नवरोजला मी दोन मजले उतरतो आणि दारातून ओरडतो, “खंड काढ!” बेयशेन ओरडतो, “आधी माफी मागा!” मग सायराकान चहा आणते. मी नको म्हणतो आणि पितो. तीन-चार वाट्या होतात, भांडण रंगते आणि मी रागाने घरी येतो. अशी सत्तावीस वर्षे झाली. नुरजात एकदा म्हणाली, “बाबा, फोनवर शोधू का शेवट?” मी तिला बजावले, की माझ्या भावाने दाबून ठेवलेली वस्तू मी फोनकडून घेणार नाही.

तरी माझे विषम खंड बेयशेनला द्यावेत. अटी: त्याने आपले सम खंड वर आणून माझ्या कपाटात क्रमाने लावावेत आणि माझ्या चाळिसाव्या दिवशी चाळिसाव्याचे शेवटचे प्रकरण माझ्या कबरीपाशी मोठ्याने वाचावे. मला उत्तर न कळता जावे लागते आहे, याचे मला फार वाईट वाटते. हे त्याला कळावे म्हणूनच येथे लिहिले.

पुरवणी, त्याच दिवशी. कलम ४ ज्याच्याविषयी आहे त्याला ते वाचून दाखवावे, म्हणून नुरजातने बेयशेनला वर बोलावले. त्याने चष्मा लावून स्वतःच वाचले. वाचून झाल्यावर कागद परत माझ्या पुढ्यात ठेवला.

“बाइके, चाळिसावा नाहीये.”

“विकलास?”

“आलाच नाही. देश मोडला, प्रकाशकांना टाळं लागलं. कुणाकडेच नाही तो. छापलाच नाही.”

“आणि सत्तावीस वर्षं मला माफी मागायला लावत होतास?”

“पहिल्या नवरोजलाच सांगणार होतो. पण बुरमाकान वहिनी सकाळीच येऊन बजावून गेल्या होत्या. म्हणाल्या, नाहीये म्हणून सांगितलंस तर हा माणूस परत खाली उतरायचा नाही. माफी तर मागणारच नाही. निदान भांडायला तरी येऊ दे.”

मला राग यायला हवा होता. मी शोधला, सापडला नाही. बुरमाकान आणि मी बत्तीस वर्षे एकाच घरात राहिलो आणि तिने हे मला कळू दिले नाही. तिची आठवण येऊन मला रडू आले आणि बेयशेननेही चष्मा काढला. नुरजात चहा ठेवायला गेली.

म्हणून सुधारणा: कलम ४ मधील अटी रद्द. माझे वीस खंड माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच खाली न्यावेत. कलम १ मधील अटही रद्द; जावयाने खुशाल टीव्ही लावावा, मापे त्याच्याकडे आहेतच. चष्म्याचे घर माझ्या उशाशी ठेवावे. खंड सायराकानने लावावेत, हवे तर रंगाने. माझी हरकत नाही. असल्यास ती मी वसंतापर्यंत रोज खाली येऊन घेईन.

सही: एसेनकुल सादिरोव

आमच्यासमक्ष सही झाली. पुरवणी लिहीत असताना आम्ही हजर होतो आणि चहा आम्हालाही मिळाला:
१. वालेंतिना पावलोव्ना क्रुग्लोवा, शेजारीण, तिसरा मजला
२. तोक्तोराली इमानकुलोव, डेपोतील जुने सहकारी

बिश्केक, १४ नोव्हेंबर २०१८