सुमनकाकूंकडं ठेवलेली पर्स

१६ डिसें., मंगळ

पहिलंच सांगते, लिहिताना चुका होतील. नववीत शाळा सुटली, तेव्हाबी माझं अक्षर बाईंना लागत नव्हतं. मोबाईलवर एका बोटानं टाईप करते. दोन ओळी होईस्तोवर चहा गार. ताई म्हणली म्हणून लिहिते. "कोमे, तोंडानं तर तू बोलत नाय, निदान लिहीत जा. मी बरी झाले की सगळं वाचीन." तर माफ कर ताई.

ताईचं सोमवारी ऑपरेशन. हृदयाची झडप. हैदराबादला, दाजींकडं. दाजींनी माझं शुक्रवारचं तिकीट काढलं, दु. १२.४०, आपल्या ओझरवरून. पप्पांना सुट्टी नाय. मी एकटी.

जन्मापासून विमानं आमच्या पत्र्यावरून जातात. पप्पा विमानाच्याच कारखान्यात हेल्पर. पण बसलं कुणीच नाय अजून.

१७ डिसें., बुध

ताईचा फोन. आवाज लय बारीक झालाय. "तू ये, मग मी आत जाईन."

लहानपणी सुई टोचताना मी तिचा अंगठा धरायची. आई गेली तेव्हा पण तोच धरला होता. म्हणली, आता तुझा अंगठा मला दे. मी हं म्हणले. फोनवर मला हं च्या पुढं काय येतच नाय.

१८ डिसें., गुरु

आत्यानं कॅलेंडर बघितलं अन् डोक्याला हात लावला. उद्या अमावस्या.

"अमावस्येला पोरगी धाडतो? तेबी दवाखान्यात? तेबी आभाळातून?"

पप्पा म्हणले, "अक्का, ते विमानवाले तुझं कॅलेंडर बघून उडत नाय."

लय वेळ चाललं. मग आत्यानंच तोड काढली. पस्तान ठेवायचं. म्हणजे न्यायच्या सामानातलं एक काहीतरी आजच शेजारी ठेवून यायचं, म्हणजे आजच निघाल्यासारखं होतं. उद्या जाता जाता उचलायचं. पण एकदा ठेवलं की परत आपल्या घरात आणायचं नाय.

कपड्याची बॅग अजून भरायची होती. हाताला लाल पर्स आली. त्यात आधार कार्ड, तिकिटाचा कागद. पलीकडच्या सुमनकाकू मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला आलेल्या, त्यांच्याच हातात दिली. काकू हसल्या. "विमानातून माझ्या गच्चीला टाटा कर गं."

१९ डिसें., शुक्र

गेलं विमान. माझ्याशिवाय.

नऊ वाजता पर्स आणायला गेले तर काकूंच्या दाराला कुलूप. काकू त्यांच्या आईकडं, नामपूरला. फोन लागत नाय. त्यांचा पोरगा गणेशदादा दिंडोरीला द्राक्षाला औषध मारायला गेलेला. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला रिंगच ऐकू येईना. पप्पांनी किती वेळा लावला. दाजी म्हणत होते, मोबाईलमधला आधारचा फोटो चालणार नाय, खरं कार्डच पाहिजे.

गणेशदादा किल्ली घेऊन आला तेव्हा साडेअकरा होऊन गेलेले. अंगाला औषधाचा वास. पर्स काकूंच्या देवाजवळ होती. तिला हळदकुंकू लावलेलं.

त्याच्याच गाडीवर गेलो. बारा दहा.

"काउंटर बंद झालं, मॅडम."

मला पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणलं.

गणेशदादा भांडला. "अहो, ते काय विमान उभं हे समोर!"

"मलाबी दिसतंय, दादा. पण बंद झालं."

मी मागं उभी. ताईचं ऑपरेशन हे, एवढं बोलायचं होतं. नाय आलं.

घरी येताना तेच विमान डोक्यावरून गेलं. आत्या अंगणात होती. तिनं वर बघितलंच नाय.

२० डिसें., शनि

दाजींनी बोलून बोलून उद्याचं करून घेतलं. ३.१० चं. मला कुणी एक शब्द बोललं नाय. सगळं काकूंवर. आत्या सकाळपासून, "त्या बाईला सांगून जाता येत नव्हतं?" मी भाकरी थापत होते. एक फाटली, दुसरी फाटली.

ताई, खरं लिहिते.

सांगून गेल्या त्या. काल सकाळी सहाला मी अंगणात तोंड धूत होते. काकू कुंपणापाशी आल्या. "कोमल, आईचं बरं नाय, मी नामपूरला चालले. तुझी पर्स आत्ताच देऊ का?"

पर्स घरात आणायची नाय. मग ठेवू कुठं? आत्याला उठवलं असतं तर म्हणली असती, अपशकुन झाला, जाऊच नको. किल्ली कुणाकडं ठेवताय, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. जिभेवर आलेलं. मी नुसती मान हलवली. हो म्हणून का नाय म्हणून, माझं मलाच कळलं नाय.

कुलूप लावल्याचा आवाज ऐकला मी. ऐकूनबी नऊपर्यंत गप्प बसले.

२१ डिसें., रवि

अकरालाच विमानतळावर. पर्स पोटाशी. आधी ३.१०, मग ५, मग ६.३०. विमान दिल्लीत अडकलं म्हणे, तिकडं धुकं. इथं लख्ख ऊन. समोर नुसती रिकामी जागा.

सहाला सांगितलं रद्द. लोकं काउंटरवर चढायची बाकी. एक बाई म्हणल्या, "पोरी, पुढं घुस, अशी उभी राहिलीस तर इथंच म्हातारी होशील." घुसले. बोलले पण. "माझ्या ताईचं उद्या..." काउंटरवरची मुलगी म्हणली, जरा मोठ्यानं बोला. तेवढ्यात मागून एकानं माझ्या डोक्यावरून तिकीट पुढं केलं.

पप्पा म्हणले मनमाडवरून रेल्वे. पण ती सकाळी आठच्या आत पोचत नाय, अन् ऑपरेशन आठला. बुधवारच्या आधी दुसरं विमान नाय, तेच करून घेतलं.

ताईचा फोन आला. "असू दे गं. मी उशीचा कोपरा धरीन." हसली पण.

मी हं म्हणले.

२२ डिसें., सोम

आठला नेलं आत.
एकला दाजींचा फोन, ऑपरेशन झालं. शुद्ध नाय अजून.
तीन. नाय.
पाच. नाय.
पप्पा कारखान्यातून लवकर आले. चपला काढायचं विसरले, तसेच घरात बसले.

२३ डिसें., मंगळ

नाय अजून. डॉक्टर म्हणतात काहींना वेळ लागतो. दाजी तेच तेच वाक्य सांगतात.

दुपारी दाजी म्हणले, नर्सनं परवानगी दिली, फोन तिच्या कानाला लावतो. "कोमल, बोल काहीतरी. तुझा आवाज ऐकेल ती." लावला. मशीनचं टिक टिक ऐकू येत होतं. आत्या, पप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते.

शेवटी हं म्हणले. एवढंच. दाजींनी फोन काढून घेतला.

संध्याकाळी काकू आल्या नामपूरहून. दारातच आत्यानं धरलं. "माझ्या पोरीचं विमान तुझ्यापायी गेलं!" काकूंनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मला वाटलं आता सांगतील. म्हणल्या, "चुकलंच अक्का माझं."

मी तिथंच होते. पाण्याचा तांब्या हातात. दिला अन् आत आले.

मग आत्या माझी लाल पर्स घेऊन निघाली. आज दिवस चांगला हे, पस्तान ठेवून येते म्हणली. मी म्हणले, नको. मोठ्यानं आलं ते. आत्या थांबली, पर्स खुंटीला लावली.

एवढा आवाज दुपारी कुठं गेला होता.

२४ डिसें., बुध

सकाळचे आठ. बॅग दारात. मोबाईलवर मेसेज, विमानाला उशीर, नवीन वेळ नंतर कळवू. दाजींचा फोन नाय. मी लावते तर उचलत नाय.

ताई, शनिवारचं खोडणार नाय मी. तू वाच. वाच अन् मग मार मला, पण तू वाच

बाहेर आरडाओरडा झाला म्हणून उठले. वनखात्यानं उसाच्या कडेला लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. आख्खी वस्ती पळाली बघायला, आत्याबी, अनवाणी. मी बॅगेपाशीच, दाजींना परत लावलाय, नुसती रिंग जातेय.