झणझणणारी जाड तार

सोलापूर, ९ एप्रिल २०२५

ती. शिवशरणमामांस, दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र प्रभुदादाच्या हाती. तो रोज अक्कलकोटहून कामाला येतो, उत्तर त्याच्याकडेच द्या.

कान गेल्यावर तुम्ही गिटार मला दिलीत आणि पुन्हा तिचं नाव काढू नको म्हणालात. तरी काढते. शनिवारी शाळेत संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत आहे, वाजवून दाखवायचंय. आणि जाड तार झणझणतेय! मोकळी वाजवली की झणझण, पहिल्या दोन-तीन घरांत दाबली तरी तेच. खालच्या घरांत मात्र स्वच्छ. दुकानदार म्हणतो, मान गेली, मानेवरच्या धातूच्या पट्ट्या घासून देतो. तुमची बहीण असून अव्वा म्हणते, दुकानात देऊन टाक. माझं धाडस होत नाही.

रागवा, पण उत्तर धाडा.

तुमची,
दानी

अक्कलकोट, १० एप्रिल

चि. दानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

दुकानात अजिबात नेऊ नको. घासलेली पट्टी परत वाढत न्हाई.

जाड तार पहिल्या घरात दाब, दुसऱ्या हातानं मान जिथं गिटारच्या पोटाला मिळते तिथं दाब. मधे तार आणि पट्टी यांच्यात कागद सरकतो का बघ. सरकत नसेल तर मान मागं झुकलीय. पत्र्याच्या खोलीत ठेवलीस व्हय? तुझ्या अव्वाला कूलर लागतो, लाकडाला नको?

मानेत लोखंडी सळई असते. तारा सैल कर. मग पान्यानं सळईचा नट डावीकडं किंचित फिरव, पाव फेऱ्याहून कमी. जोर लावायचा न्हाई.

अव्वाला नमस्कार. जीव लावतेस तसाच लावत राहा.

शिवशरण

सोलापूर, १० एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

कागद सरकला नाही. तारा सैल केल्या, पाना लावला, तर नट हलेना. थोडा जोर लावला आणि आतून कर्र असा आवाज आला. मी पाना टाकून दिला. मान मोडली असेल का? बघायचीसुद्धा भीती वाटते. अव्वा मला रागावली, मग स्वतःच रडायला लागली. तुमच्या हातातली होती म्हणते.

चुकलं असेल तर माफ करा, पण माया सोडू नका.

दानी

अक्कलकोट, १६ एप्रिल

चि. दानीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी उभ्या उभ्या एसटी धरली ते तू पाहिलंसच. दारातच अव्वा हातवारे करून भांडली, बरं झालं ऐकू आलं न्हाई. मान शाबूत होती, नट नुसता गंजला होता. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरला. तू तार छेडलीस तेव्हा मी गिटारच्या पोटावर तळहात ठेवला होता. आधी मुंग्या चावल्यासारखं लागायचं, नट फिरवून तारा लावल्यावर नुसती लाट आली. मग झणझण गेली का, हे कुणाला विचारावं लागलं न्हाई.

तुला ठाऊक नसलेलं एक सांगतो. शनिवारी तुझ्या मुलाखतीच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो न्हाई. खिडकीशी उभा होतो. तू काय वाजवतेस कळेना, म्हणून परीक्षक बाईंचं तोंड बघत राहिलो. कपाळाला आठी पडली की समजायचं, तार झणझणली. आठी पडली न्हाई. थोड्या वेळानं बाईंनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले.

नोकरी लागल्याचं प्रभूनं हातावर लिहून दाखवलं. लई बरं वाटलं.

रविवारी गिटार घेऊन ये. मला ऐकू येणार न्हाई. तरी समोर बसून वाजव.

तुझा,
शिवशरणमामा