मेनला तार बांधू नका

अण्णा,

लाइट गेलेली न्हाई, मीच बंद केली हाय. मीटरजवळचा फ्यूज माझ्या खिशात हाय अन् मी वायरमनला आणायला हिंगोलीला जाऊन राहिलो. सवयीनं तुमी फ्यूजच्या जागी तार बांधाल. हात जोडतो, बांधू नका. पंख्याविना जीव जात न्हाई, यानं जातो.

झालं असं, की आपल्या मागच्या खोल्यांतल्या भाडेकरू मुजफ्फरभाईंची आफिफा सकाळी म्हणाली, "भैया, तुमारा नल काटता." मी म्हणालो, "त्याला दोन बिस्किटं टाक." मग सहज टेस्टर लावून पाहिला, तर तो नळावर लखलख पेटला. त्या नळाखाली ते लेकरू रोज आंघोळ करतं.

अर्थिंगच्या खड्ड्यासाठी तुमी मीठ अन् कोळसा आणून दिला होता. वायरमननं खड्डा केला असं मी सांगितलं, पण वायरमन कुणी आलाच न्हाई. जमीन कडक लागली म्हणून मी अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला गुंडाळली. आता घरात कुठं करंट गळला, की तो त्या वायरीनं नळात उतरतो. कोळशावर कणसं भाजली अन् मीठ त्यांना चोळलं. दोन तुमीच खाल्ली, चांगली लागली म्हणालात.

अक्षर वाकडं आलंय ते शॉकनं न्हाई, भीतीनं.

मुजफ्फरभाईंना खरं सांगितलं न्हाई. "वायरिंग तपासायची हाय, नळाला हात लावू नका," एवढंच बोललो. ते म्हणाले, "घरमालक हो तो ऐसा."

सोमेश्वर