रोझा आजींच्या गावाचा पत्ता

१४ ऑक्टोबर, आयसेलिन

आमच्या शेजारी राहणाऱ्या रोझा आजींना दिसत नाही, म्हणून त्यांच्या स्विस गावाची माहिती मी वाचून दाखवतो. आज ओढा, डोंगरउतार, जुनं चर्च, सगळं वाचलं. 'ग्रामपंचायत शेजारच्या गावात विलीन झाली', एवढं वाक्य गाळलं. का गाळलं? आजी जन्मल्या इथे आयसेलिनमध्येच, तरी त्यांच्या स्विस पासपोर्टवर जन्मगावाऐवजी पूर्वजांचं मूळगाव म्हणून तेच नाव आहे, म्हणून?

"थांबलास का रे? अक्षरं मोजतोस?" त्या हसल्या. मग चर्चमागे दफनासाठी जागा मागणारं पत्र ग्रामपंचायतीला लिहायला सांगितलं. पत्ता मी तीनदा तपासला. एक अक्षर चुकलेलं नाही. फक्त ते कार्यालय आता नाही.

पाकीट माझ्याच खिशात आहे. गाळलेलं ते एक वाक्यही. उद्या पुन्हा ओढ्यापासून वाचीन, आणि त्या वाक्याशी थांबणार नाही, तेही वाचीन.